पाणी गेले कोठे?

आमच्या घरची पिकअप गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. तिचा मूळ रंग पांढरा होता, असे बाबा सांगतात. मला ती आठवते तशी तांबूसच आहे, कारण आमच्या भागातील लाल माती एकदा बसली की सहसा निघत नाही. परंतु कॅसलरॉकसारख्या गावी अशा गाडीची योग्यता तिच्या रंगावरून ठरत नाही. जोयडा तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर असलेले हे गाव मुळात रेल्वेमुळे नावारूपाला आले. मुरगाव बंदरापासून घाट चढून आलेला लोहमार्ग १८८८ साली येथे ब्रिटिश हद्दीतील मार्गास मिळाला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हे सरहद्दीवरील ठाणे होते. आगगाडी आजही येथून जाते; तथापि दुकानातील किराणा, लग्नाची भांडी, फणस, शाकारणीचे पत्रे आणि वेळप्रसंगी रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावयाचा रोगी, ही सारी वाहतूक अशा चार-दोन गाड्यांच्याच जिवावर चालते. पावसाळ्यात तर अधिकच.

म्हणून २०२४ च्या जुलैमध्ये ही गाडी 'पाणी खाऊ लागली' आणि तिच्याबरोबर 'तेलही पिऊ लागली', तेव्हा आमच्या घरात जी चिंता पसरली ती एखादे माणूस अंथरुणाला खिळावे तशीच होती. फोंड्याहून परत येताना अनमोड घाटात उष्णतेचा काटा नेहमीच्या जागेच्या बराच वर चढला. बाबांनी गाडी बाजूला घेतली, तासभर थांबले, आणि इंजिन पूर्ण निवल्यावर झाकण उघडले, तेव्हा रेडिएटरमध्ये अर्धा लिटरभर पाणी कमी होते. तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेलही खालच्या खुणेशी आले होते.

मोठ्या रस्त्यावरील एका गावच्या मिस्त्रींनी गाडीच्या पुढ्यात उभे राहून सारे ऐकून घेतले, इंजिनाचे तेल भरावयाचे झाकण उघडले आणि त्याच्या आतल्या बाजूस लागलेला पिवळसर-पांढरा, लोण्यासारखा थर बोटाने काढून बाबांना दाखविला. "हेड गॅस्केट उडाली. पाणी तेलात चाललंय. इंजिन खोलावं लागेल, हेड घासावं लागेल; खोललंच आहे तर रिंग-पिस्टनही बघू." खर्चाचा अंदाज चाळीस हजारांचा होता, आणि गाडी तीन आठवडे उभी राहणार होती. आईने त्या रात्री दोन म्हशींपैकी कोणती विकावयाची याचा विचार बोलून दाखविला.

येथे आमच्या आजोबांची ओळख करून देणे प्राप्त आहे. आजोबा तरुणपणी ह्याच घाटात वाफेच्या इंजिनांवर फायरमन होते. कॅसलरॉक ते कुळे हा उतार ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर चढते अथवा उतरते. लोहमार्गाच्या मानाने हा चढ फारच तीव्र, त्यामुळे गाडीस जादा इंजिने जोडावी लागत. अशा घाटात फायरमनचे मुख्य लक्ष कोळशाच्या बरोबरीने बॉयलरच्या काचनळीतील पाण्याकडे असावे लागे. पाणी भट्टीच्या माथ्याखाली गेले, तर माथ्याचा पत्रा लाल होऊन फाटण्याचे भय; तसे होण्यापूर्वी सूचना मिळावी म्हणून तेथे वितळणाऱ्या धातूचे बूच बसविलेले असे. त्यातही गंमत अशी की चढावर ती काचनळी खरे सांगत नाही. सहा मीटर लांबीचे भांडे ३७ ला १ ह्या चढावर धरले, तर दोन टोकांच्या पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटरांचे अंतर पडते. जो ही वजाबाकी मनात करीत नाही, त्याला पाणी भरपूर असल्याचा भास होतो, आणि चढ संपून उतार लागताच भट्टीचा माथा उघडा पडतो.

आजोबांनी मिस्त्रींचा निकाल शांतपणे ऐकला आणि बाबांना इतकेच विचारले, "पाणी कमी झालं हे खरं. किती किलोमीटरला किती, हे मोजलंस?"

बाबांनी मोजले नव्हते. रोज दहा कामे उरकणाऱ्या माणसास ते सुचणेही कठीणच. मग ते काम माझ्याकडे आले. माझी जुनी गणिताची वही निघाली, आणि पुढचे बारा दिवस मी रोज पहाटे, गाडी अंगणातील सपाट फरशीवर उभी असताना, इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी पुसून, पुन्हा आत घालून, बाहेर काढून वाचीत असे. पाण्याची पातळी मापाच्या पेल्याने भरून काढावयाची, आणि किलोमीटरचा आकडा शेजारी लिहावयाचा. सपाट जागेचा आग्रह का, हे वरच्या काचनळीच्या कथेवरून ध्यानात येईलच. थंड इंजिनाचा आग्रह मात्र जिवाशी संबंधित आहे. आमच्या गावाच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांस उकळते. परंतु रेडिएटरचे झाकण आत जवळजवळ एका वातावरणाइतका जादा दाब राखते, आणि त्यामुळे आतले पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे म्हणजे तो दाब एकाएकी काढून घेणे; त्याबरोबर आतले पाणी उकळून वाफेसह तोंडावर येते. माझ्या बालवाचकांनी हे एवढे तरी पक्के लक्षात ठेवावे.

मोजमापास आरंभ केला तेव्हा आजोबांनी एक भेद समजावून सांगितला, जो मला फार मोलाचा वाटतो. वाफेच्या इंजिनात पाणी हा खर्चाचाच जिन्नस असतो. त्याची वाफ होते, ती सिलिंडरात काम करते आणि धुराड्यातून निघून जाते. मोटारीच्या इंजिनात तसे नाही. इंधन जळून जी उष्णता निघते तिच्यातील स्थूलमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते, आणि उरलेली बहुतेक पाण्याने वाहून रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याला द्यावयाची असते. ते पाणी तेच ते, पुन्हापुन्हा फिरणारे. त्याचा नित्य खर्च असा नाहीच. सारखे भरावे लागत असेल, तर कोठेतरी वाट फुटली आहे असेच समजावे. तेलाचे तसे नाही. पिस्टनच्या कड्यांना व सिलिंडरच्या भिंतीला ओलावा देताना त्यातील थोडे तेल जळणारच, आणि जुन्या इंजिनात ते अधिक जळणार. म्हणून 'तेल व पाणी कमी होते' हे एक वाक्य असले, तरी त्यात दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. ते एकाच दिवशी दिसले म्हणून त्यांचे कारण एकच, असे मानण्यास आधार काय?

बारा दिवसांनी वहीत असे दिसले. गाडी एकंदर ६४० किलोमीटर धावली. त्यात फोंड्याच्या चार खेपा होत्या आणि उरलेले आठ दिवस गावातल्या गावात अथवा हमरस्त्यापर्यंतच्या लहान फेऱ्या. फोंड्याच्या प्रत्येक खेपेनंतर सुमारे ४०० मिलिलिटर पाणी भरावे लागले. लहान फेऱ्यांच्या दिवशी पाणी एक थेंबही हलले नाही. तेल मात्र जितके अंतर तितके, असे हळूहळू जात गेले. बारा दिवसांत पाऊण लिटरहून थोडे अधिक. पाण्याची वाट गाडी पुरती तापून दाब चढल्यावरच उघडत होती. तेलाची वाट नेहमीच उघडी होती. एवढे समजण्यास एकही पाना लागला नाही.

आता त्या पांढऱ्या लोण्याविषयी. पाणी तेलात मिसळले की तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते, ही गोष्ट खरी. आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा व त्यावरील माथा यांच्यामधील पातळ बैठक, फाटली असता असे होऊ शकते, हेही खरे. परंतु आमचे लोणी केवळ झाकणाखाली होते. पट्टीवरचे तेल काळे आणि स्वच्छ होते. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होतेच. तिच्यातील थोडी पिस्टनच्या कडांतून खाली इंजिनाच्या पोटात येते. लांबच्या प्रवासात इंजिन नीट तापले तर ती श्वासनळीवाटे बाहेर पडते. परंतु जुलै महिन्यात, कॅसलरॉकच्या अखंड पावसात, हवेत आधीच ओल दाटलेली असताना, गाडी दोन-तीन किलोमीटर जाऊन पुन्हा उभी राहिली, तर ती वाफ सर्वांत थंड अशा वरच्या झाकणाला जाऊन चिकटते आणि तेलाशी घुसळून तिचे लोणी होते. माझ्या वहीत त्याचाही हिशेब होता: फोंड्याच्या खेपेनंतर झाकण जवळजवळ स्वच्छ, लहान फेऱ्यांच्या तीन दिवसांनंतर पुन्हा थर.

ह्यावर आजोबांनी एक पुरावा अधिक मागितला. घरातील एक जुना तवा चुलीवर चांगला तापवून, पट्टीवरील तेलाचा एक थेंब त्यावर सोडला. तेलात पाणी असते तर फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसा तो तडतडला असता. तो मुकाट्याने पसरला आणि धुरू लागला. (तवा चपातीचा होता. त्यावरून आईने आजोबांना काय सुनावले, ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. ही परीक्षा दुरून, डोळे सांभाळून आणि मोठ्यांच्या हातूनच करावी.)

गॅस्केटचा संशय तरीही पुरता फिटला नव्हता, कारण फाटलेली गॅस्केट पाणी तेलात न सोडता सरळ सिलिंडरातही सोडू शकते, आणि उलट सिलिंडरातील जळलेला वायू पाण्यात शिरू शकतो. शाळेत विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "जळलेल्या वायूत काय असतं, ते आठवीतच शिकला आहात." कार्बन डायऑक्साइड! चुन्याची निवळी त्याने दुधाळ होते, हा प्रयोग आम्ही नळीतून श्वास फुंकून कितीदा तरी केलेला. कारखान्यांत ह्याच कामी एक निळा द्राव वापरतात. रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली आणि तीत जळलेला वायू असला, तर तो पिवळा पडतो. आमच्यापाशी निवळी होती. रविवारी सकाळी थंड गाडीच्या रेडिएटरमधील पाणी चार बोटे खाली ठेवले, तोंडावर नरसाळे उलटे बसवून कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, आणि नरसाळ्याची नळी निवळीच्या बाटलीत सोडली. बाबांनी इंजिन चालू केले. बुडबुडे आले, पाणी तापून फुगू लागले की वरची हवा ढकलली जाणारच. पण निवळी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. मग खात्रीसाठी सायलेन्सरच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी धरून भरलेला धूर दुसऱ्या बाटलीत दाबला. ती पाहता पाहता गढूळ झाली. पाणी अधिक तापण्याच्या आत इंजिन बंद केले.

सरांनी मात्र माझा आनंद आवरता घेतला. थंड इंजिनात, विनाभार, बारीक भेग मिटलेली असू शकते आणि घाटातच उघडू शकते. सबब ह्या परीक्षेने गॅस्केट निर्दोष ठरत नाही, तिच्यावरील आरोप दुबळा होतो, एवढेच. मला हा भेद तेव्हा कंटाळवाणा वाटला, पण तो न्याय्य होता.

म्हणून बाबा ती वही घेऊन त्याच मिस्त्रींकडे गेले. मीही सोबत होते. मिस्त्रींनी पाने उलटली, दोनदा वाचली, आणि कपाटातून हातपंपासारखे एक उपकरण काढले. ते रेडिएटरच्या तोंडावर बसवून थंड इंजिनातच झाकणाइतका दाब देता येतो. म्हणजे घाटातली स्थिती दुकानात निर्माण करता येते. काटा स्थिर राहावयास हवा होता, तो सावकाश उतरू लागला. पाच मिनिटांनी वॉटर बॉडीच्या पोटाशी असलेल्या बारीक भोकातून एक थेंब लोंबला. पाणी फिरविणाऱ्या त्या पंपाच्या आतील सील झिजले की इशारा मिळावा, एवढ्याचसाठी ते भोक ठेवलेले असते. घरी अंगणात आम्ही रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरीत होतो, त्यावर हा थेंब कधी पडला नव्हता, कारण दाब असे तेव्हा पंप तापलेला असे आणि पाणी पडताक्षणी वाळून जाई. पंपाच्या अंगावर गंजाचा एक तांबूस ओघळ तेवढा उरला होता. आमच्या लाल मातीत तो कोणाच्या डोळ्यांत भरावा? त्याच उपकरणावर रेडिएटरचे झाकणही तपासले. त्याचे रबर कडक होऊन ते निम्म्या दाबालाच सुटत होते. म्हणजे पाण्याला एक सोडून दोन वाटा होत्या.

तेलाचा शोध त्यामानाने मळकट होता. इंजिन डिझेलने धुऊन, चिंध्यांनी पुसून, वाळवून, त्यावर मिस्त्रींनी अंगाला लावावयाची साधी पावडर भुरभुरविली आणि गाडी वीस मिनिटे फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवर तेलाच्या काळ्या रेघा स्पष्ट उमटल्या: एक टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्यातून, दुसरी तेलाचा दाब दाखविणाऱ्या दिव्याच्या स्विचपाशी. त्या स्विचमागे तेल दाबाने उभे असते, आणि तो दाब इंजिन चालू असतानाच असतो. उभ्या गाडीखालचा पुठ्ठा स्वच्छ राही, त्याचे कारण हेच. गळलेले तेल पंख्याच्या वाऱ्याने मागे चेंबरवर पसरून तेथे धूळ धरीत होते.

उरला प्रश्न जळणाऱ्या तेलाचा. तेलाचे झाकण काढून त्या तोंडावरच सैल ठेवले असता ते हलके थरथरत होते आणि धुराचा बारीक फुंकर येत होता. मिस्त्री ह्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. पिस्टनच्या कड्या झिजल्या की जळता वायू खाली उतरतो, त्याची ही खूण. झाकण उडाले असते तर गोष्ट वेगळी होती. चढावर भार असताना सायलेन्सरमधून फिकट निळा धूर येई, तोही तेच सांगत होता. धुराच्या रंगावरून परीक्षा करणारांनी एक ध्यानात ठेवावे: उतारावरून पाय उचलून आल्यावर निळा लोट निघाला तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूचा, हा आडाखा पेट्रोलच्या इंजिनांचा आहे. पेट्रोलच्या इंजिनात पाय उचलताच हवेची वाट मिटते आणि आत जोराची ओढ निर्माण होते. जुन्या डिझेल इंजिनांपैकी बहुतेकांत हवेची वाट मोकळीच असल्याने तशी ओढ निर्माण होत नाही. तसेच थंड सकाळी डिझेलच्या गाडीने थोडा पांढरा धूर सोडला, तर तो बहुधा न जळलेल्या इंधनाचा व ओलाव्याचा असतो. गाडी तापल्यावरही तो न थांबता येत राहिला, तरच पाण्याचा संशय घ्यावा.

पंप, झाकण, टॅपेट कव्हरची बैठक आणि तो लहानसा स्विच बदलला. साधे पाणी काढून कूलंट भरले. नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो, आणि कूलंटला रंग असल्यामुळे आमच्या पावसाळ्यात अंगणातला कोणता थेंब आकाशातला आणि कोणता गाडीचा, हेही कळते. सारा खर्च पाच हजारांच्या आत आला. गाडी दोन दिवस उभी होती. मिस्त्रींविषयी माझ्या मनात किंतु नाही. 'पाणी आणि तेल दोन्ही जाते' एवढेच त्यांच्या कानी घातले गेले, आणि झाकणाखाली लोणी दिसले. त्या दोन गोष्टींवरून निघणारा निकाल त्यांनी दिला. शिवाय गॅस्केटचे भय त्यांनी दाखविले ते निराधार नव्हते. पाणी कमी असताना तशीच गाडी घाटात दामटली असती, तर माथा तापून वाकला असता. पुष्कळ इंजिनांत माथा ॲल्युमिनियमचा आणि ठोकळा बिडाचा असतो, आणि उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मधली बैठक त्या ओढाताणीत फाटते. पंपाच्या एका सीलने सुरू झालेली गोष्ट खरोखरच चाळीस हजारांवर गेली असती, आणि मग गॅस्केटच प्रथम गेली असे सर्वांना वाटले असते.

म्हैस विकावी लागली नाही. ऑगस्टमध्ये शेजारच्या एका आजींना पहाटे तीन वाजता बेळगावला न्यावे लागले, तेव्हा गाडी भर पावसात न थांबता गेली. काटा आपल्या जागी होता. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या हजार किलोमीटरांत कूलंट जसेच्या तसे राहिले. तेल सुमारे ३०० मिलिलिटर गेले. तेवढे कड्यांतून जळते. कड्यांचे काम उन्हाळ्यात, रस्ते कोरडे असताना आणि दुसऱ्या कोणाची तरी गाडी गावात हाताशी असताना काढावे, असे आजोबा व बाबा यांनी ठरविले आहे. तोपर्यंत वही पट्टीशेजारीच, समोरच्या काचेखाली ठेवलेली असते, आणि आता तीत बाबाही लिहितात.